शामकलाबाईची चिरबोटी, इंद्रकुमारची रसभरी

आमच्या गावात रानातली चिरबोटी कोणती आणि लावलेली रसभरी कोणती, हे खात्रीने सांगणारं माणूस एकच. ते शाळेच्या फाटकाबाहेर जमिनीवर बसायचं. बाकीचे सगळे खुर्चीवर बसणारे, त्यामुळे त्यांना जमिनीवरचं काही दिसत नाही. मी तिथला मास्तर. सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, फळाचे भाग फळ्यावर रंगीत खडूने काढतोय, आणि ही दोन झाडं समोर आणून ठेवली असती तर परवापरवापर्यंत मलाही सांगता आलं नसतं. तेव्हा इथे मी पुष्कळांची खरडपट्टी काढणार असलो तरी त्या यादीत माझंही नाव आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या कौलांवरून घिरट्या घालतात. पोरं आता मान वर करूनही बघत नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांचं लक्ष एकाच ठिकाणी असायचं, फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली शामकलाबाईच्या टोपलीवर. बाई बौद्ध मोहल्ल्यातली. माहेर सालेकशाकडचं, जंगलाला लागून. चौथीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन इकडे आली. पावसाळ्यात लोकांच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवणी, दिवाळीच्या सुमाराला धानाची कापणी, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायला माहेरी, आणि हिवाळाभर ती आमच्या फाटकाबाहेर. चिंच, आवळे, बोरं आणि सगळ्यांच्या आधी चिरबोटी. पोरं घरून खिशात मूठभर धान आणून तिच्या पदरात टाकायची आणि ओंजळभर फळं घेऊन जायची. बावीस वर्षं हे चाललं. त्या बावीस वर्षांत एकाही पोराचं पोट दुखलं नाही, आणि याची कुणी कधी दखल घेतली नाही. पोट न दुखण्याची बातमी होत नसते.

चिरबोटी गोळा करायची तिची एक रीत होती. ती फळ कधी तोडत नसे. धान कापून झाला की धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, आणि तळ्यासारख्या बोडीच्या काठाला ही झुडपं उघडी पडतात, गुडघ्याएवढी, पसरट. बाई सकाळी दव असताना जायची आणि झाडाखाली वाकून, आपोआप गळून पडलेली तेवढीच फळं वेचायची. वर टपोरी दिसली तरी हात लावायची नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "झाडानं सोडलं त आपलं. ओढून काढलं त ते हिरवं राह्यते, अन् हिरवं पोटात भांडते." वेचलेली फळं ती झाडानेच दिलेल्या कागदासारख्या पिशवीसकट धानाच्या तणसात दोन दिवस ठेवायची आणि मगच टोपलीत भरायची. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं ना.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो. इंद्रकुमार. गावातला मोठा शेतकरी, धानाचा. शाळेत पाण्याची टाकी दिली, तिच्यावर स्वतःचं नाव दोनदा लिहून घेतलं, एकदा समोरून आणि एकदा मागून, न जाणो कुणी मागच्या बाजूने प्यायला आलं तर. कुठलीही बैठक असो, मधली खुर्ची त्याची. दोन वर्षांपूर्वी तो कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून रसभरीची रोपं घेऊन आला. बोडीच्या वरच्या अंगाला बरड जमिनीचा तुकडा पडून होता, तिथे लावली, काटेरी तार ओढली आणि पाटी लावली, 'सुधारित रसभरी प्रकल्प'. सुधारित हा शब्द लाल रंगात. कुणी विचारलं की, हे आपल्या चिरबोटीसारखंच दिसतं हो, तर तो दुखावल्यासारखा चेहरा करायचा. म्हणायचा, वो जंगली है, ये नस्ल अलग है. गोंदियात चार माणसांत बोलायचं असलं की तो हिंदीत बोलतो, आणि गावातही त्याला चार माणसं जमल्यासारखंच वाटत असतं.

नोव्हेंबरात मी सातवीच्या वर्गाला क्षेत्रभेट म्हणून त्या प्रकल्पावर घेऊन गेलो. रसभरीच्या ओळींमध्ये चिरबोटी भसाभस उगवली होती. साहजिकच आहे, जमीन तिची, पाऊस तिचा. इंद्रकुमारने तण निंदायला बाया लावल्या होत्या, त्यांत शामकलाबाई होती. त्याने हुकूम दिला होता की बुटकं तेवढं उपटा, उंच ठेवा. बाया हुकमाप्रमाणे त्याचीच मागे राहिलेली, खुजी रोपं उपटत होत्या आणि माजलेली चिरबोटी राखत होत्या. तो मोबाईल काढून एकेका झाडाचा फोटो घेत होता आणि मोबाईल त्याला प्रत्येक झाडाचं एकच नाव सांगत होता. शामकलाबाईने बायांना थांबवलं. माझ्या पोरांना पुढे बोलावलं आणि एकीला म्हणाली, डोळे मीट.

ती पोरगी आचल, बाईच्याच गल्लीतली. बाईने तिच्या बोटांत एक पान दिलं, मग दुसरं. "पहिलं कसं लागलं? मऊ, केसाळ, शालीवानी. ते लावलेलं. दुसरं चोपडं, पातळ. ते रानातलं. डोळ्याचं काम नाई यात." मग फुलं दाखवली. रसभरीचं फूल मोठं, पिवळं, आत पाच गडद जांभळट डाग, डोळ्यात भरतील असे. चिरबोटीचं बारकं, फिकट, डाग असला तर पुसट. मग फळावरची पिशवी. रानातलीची पिशवी नखाएवढी, गुळगुळीत, कडांना जांभळ्या रेघा. लावलेलीची अंगठ्याच्या पेराएवढी, लव असलेली, फुगीर. आतलं फळ रानातलं वाटाण्याएवढं, पिकलं की फिकट पिवळं, तर रसभरीचं गोटीएवढं आणि पिकल्यावर नारिंगी. पाच मिनिटांत माझ्या वर्गातली सगळी पोरं डोळे मिटून पानं ओळखायला लागली. मी वहीत टिपून घेतलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तराने टिपून घेतलं आणि शिकवलं शामकलाबाईने.

इंद्रकुमारला ते आवडलं नाही. तो म्हणाला की मी प्रशिक्षण घेऊन आलो आहे, मला माहीत आहे, मी फक्त बायांची परीक्षा घेत होतो. आठ दिवसांनी पोळीभाजीच्या एका कार्यक्रमात त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की निंदणाऱ्या बायांना रसभरी ओळखायला मीच शिकवलं. मी तिथे होतो. मी पोळी खात होतो.

मग आली सव्वीस जानेवारी. दरवर्षी झेंडावंदनानंतर पोरांना बुंदी देतात. या वर्षी इंद्रकुमारने जाहीर केलं की बुंदी हा मागासलेला प्रकार आहे, पोरांना पौष्टिक फळ मिळालं पाहिजे, आणि ते त्याच्या प्रकल्पातलं असेल. तालुक्याहून पाहुणे येणार होते, फोटो काढणारा येणार होता. एकच अडचण होती. रसभरीला तारखा वाचता येत नाहीत. आमच्याकडे ती पिकते फेब्रुवारी सरता सरता. प्रजासत्ताक दिन मात्र एक महिना आधी येतो आणि तो पुढे ढकलता येत नाही. मग काय करायचं? फळ तोडायचं. हिरवी तर हिरवी, पिशवीत झाकलेली आहेत, फोटोत कोणाला कळणार आहे? दोन टोपल्या हिरव्या रसभरीच्या तोडून आणल्या आणि वरून झेंडूची फुलं पसरली.

त्या टोपल्या फाटकातून आत गेल्या त्या शामकलाबाईच्या समोरून. त्या दिवशी तिच्याकडे नुसती बोरं होती. चिरबोटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सरली होती. मी माईक जोडत होतो. बावीस वर्षांत कधी फाटकाच्या आत न आलेली ती आत आली. मला बाजूला बोलावून तिने सांगितलं की फळं हिरवी आहेत, देठ ओले आहेत, तोडून आणलेली आहेत, पोरांना देऊ नका, महिनाभर थांबा. मी काय म्हणालो ते मी इथे जसंच्या तसं लिहितो, कारण दुसऱ्यांचं लिहिताना मी हात आखडता घेतलेला नाही.

"शामकलाबाई," मी म्हणालो, "ते प्रदर्शनातलं रोप आहे. रानातलं नाही."

पाहुणे आले. तासभर भाषणं झाली. पोरं उन्हात उभी राहून भुकेजली होती. फळवाटप झालं, पाहुण्यांनी एका पोराच्या तोंडात फळ घातल्याचा फोटो निघाला, पोराने तोंड वाकडं केलं म्हणून पुन्हा काढला. आंबट होती, पण फुकट होती आणि मास्तर बघत होते, म्हणून पोरांनी खाल्ली. पिशव्या सोलून मैदानावर टाकल्या. दुपारपर्यंत नऊ पोरं ओकायला लागली, त्यांत आचल सगळ्यांत जास्त. आरोग्य केंद्रात नेलं, पाणी-साखर-मीठ पाजलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी घरी आली. कुणाला काही मोठं झालं नाही. म्हणूनच पुढचं सगळं करायला लोकांना सवड मिळाली.

पोरं घरी पोहोचायच्या आत गावाच्या मोबाईल गटावर मजकूर पोहोचला होता. शाळेसमोर विकल्या जाणाऱ्या जंगली विषारी फळांमुळे विद्यार्थ्यांना बाधा, पालकांनी सावध राहावे. खाली चिरबोटीचा फोटो. लिहिणाऱ्याला चिरबोटी ओळखू आली होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे. कुणालाच शंका आली नाही. जे रानात उगवतं ते विषारी आणि जे तारेच्या आत उगवतं ते पौष्टिक, एवढं वनस्पतिशास्त्र आमच्या गावाला पुरतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम माणसांपुरता थांबत नाही, झाडाझुडपांपर्यंत जातो. आचलची आई दुर्गा शामकलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारलं, "काकू, पोरीले काय चारलं तुमी?" शामकलाबाईने मला नंतर सांगितलं की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक. मुख्याध्यापिका अंजू मॅडम, मी, शाळा समितीचे चार सदस्य, काही पालक, आणि मधल्या खुर्चीवर इंद्रकुमार. अंजू मॅडम वाईट नाहीत. त्यांची बदली होऊन दोनच वर्षं झालीत आणि त्यांना आणखी तीन वर्षं इथे सुखाने काढायची आहेत, एवढंच. इतिवृत्त नेहमीप्रमाणे माझ्याकडे. माझं अक्षर चांगलं आहे.

शामकलाबाई बोलावल्याशिवाय आली. हातात एक फडकं होतं. पहाटे ती शाळेच्या मागच्या उकिरड्यावर गेली होती, जिथे शिपायाने मैदान झाडून कचरा टाकला होता, आणि पोरांनी सोललेल्या पिशव्या एकेक करून वेचून आणल्या होत्या. तिने त्या टेबलावर ओतल्या. सगळ्या हिरव्या, मोठ्या, लव असलेल्या, देठ तुटलेले. शेजारी तिने स्वतःच्या घरच्या तणसातून आणलेल्या चिरबोटीच्या वाळक्या पिशव्या ठेवल्या, नखाएवढ्या, गुळगुळीत, तपकिरी. मग ती कुणाशीही वाद न घालता दुर्गेकडे वळली आणि म्हणाली, हात लावून पाहा. दुर्गेने हात लावला. एकीकडे लावला, दुसरीकडे लावला, आणि मान खाली घातली. त्यानंतर पालकांतल्या आणखी दोघांनी उठून हात लावला. इंद्रकुमारने लावला नाही. त्याला प्रकल्पावर रोज लावायला मिळतो.

तो म्हणाला की पोरांनी दोन्ही खाल्ली असतील, आणि दुखलं ते रानटीमुळेच. शामकलाबाईने शांतपणे सांगितलं की तिच्याकडे वीस दिवसांपासून चिरबोटी नाही, कालची टोपली बोरांची होती, हवं तर पोरांना विचारा. पोरांना विचारायची गरज नव्हती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तर आदल्या दिवशी सकाळी जाताना त्या टोपलीतली चार बोरं खाल्लीही होती.  वरून विमान गेलं, त्याचा आवाज सरेपर्यंत सगळे छताकडे बघत राहिले, एरवी कधी न बघणारे.

"मले काई नको," शामकलाबाई म्हणाली. "कोनाचं नाव घेऊ नका. फक्त त्या वहीत एक ओळ लिवा, का पोट्यायले झालं ते माझ्या फळानं नाई झालं. मोबाईलवरचं पुसाले मले येत नाई. वहीतलं मी दाखवीन लोकायले."

एवढीच मागणी. एक ओळ. तिच्यात इंद्रकुमारचं नाव नव्हतं, रसभरीचं नव्हतं, हिरव्याचं नव्हतं. अंजू मॅडमनी इंद्रकुमारकडे पाहिलं. इंद्रकुमारने घड्याळाकडे पाहिलं. मग मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की वाद वाढवण्यात कुणाचं हित नाही, पोरं बरी आहेत हे महत्त्वाचं, दात्याचा हेतू चांगला होता, शामकलाबाईंचाही हेतू चांगलाच आहे, तेव्हा सर्वांना सांभाळून ठराव करू. सर्वांना सांभाळून म्हणजे काय ते मला सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळलेलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, पण संन्याशाला चहा पाजून.

ठराव झाला. सव्वीस जानेवारी रोजी काही विद्यार्थ्यांची प्रकृती बिघडली, कारण निश्चित होऊ शकले नाही. यापुढे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत कोणत्याही बाहेरील विक्रेत्यास बसता येणार नाही. फळवाटपाबद्दल इंद्रकुमार यांचे आभार. मी लिहीत होतो. मॅडम सांगत होत्या, मी लिहीत होतो. मध्ये एकदा मी थांबलो आणि मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी डोळ्यांनी पुढे म्हटलं, मी पुढे गेलो. पेन्शनला तीन वर्षं राहिली आहेत, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नव्हता असं मी म्हणणार नाही.

चहा आला. शामकलाबाईलाही कप दिला, तिने तो खाली ठेवला. मग ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, मला वाचू द्या. इंद्रकुमार हसला, वाचता येतं का म्हणाला. तिने वही आपल्याकडे फिरवून घेतली आणि ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द जोडत, मोठ्याने सगळा ठराव वाचला. कारण निश्चित होऊ शकले नाही, हे वाचताना तिने ओळ संपल्यावर परत मागे जाऊन एकदा वाचलं. आभारावर आली, तेही वाचलं. दुर्गा भिंतीकडे तोंड करून उभी होती. 

"गुरुजी, माझी ओळ?" तिने विचारलं.

इतक्या लोकांत तिने मलाच विचारलं. मॅडमना नाही, इंद्रकुमारला नाही. माझ्या हातात पेन होतं. मी म्हणालो, "पान भरलं, शामकलाबाई."

तिने ठरावाच्या शेवटच्या ओळीवरचं बोट उचललं नाही. तसंच खाली खाली नेलं, पानाच्या तळापर्यंत.

"अर्धं कोरं आहे, गुरुजी," ती म्हणाली.

मी वही तिच्या बोटाखालून ओढून घेतली आणि पहिली सही करायला इंद्रकुमारपुढे सरकवली.